नागरिक आणि कायदा : बंदूक कोणाच्या हक्काची?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या शिवारात 'टी-१' म्हणजेच 'अवनी' वाघीण गोळी लागून मेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात होते. वनखात्याने हैदराबादचे नेमबाज शफत अली खान यांना बोलावले होते. पण त्या रात्री ते तिथे नव्हते, गोळी त्यांचा मुलगा असगर याने झाडली. जीव वाचवण्यासाठी ती झाडावी लागली, असे त्याचे म्हणणे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने मात्र इतर आक्षेपांबरोबर शस्त्र कायद्याच्या कलम ३ चा, म्हणजे परवान्याच्या अटीचा, भंग झाल्याचे नोंदवले.

नेमबाज तेलंगणाचा आणि जंगल महाराष्ट्राचे, हा कायद्यापुढचा मुद्दाच नव्हता. भारतात राज्याचे वेगळे नागरिकत्व नाही. शस्त्रास्त्रे हा विषयही केंद्राच्या सूचीत आहे. राळेगाव ज्या यवतमाळ जिल्ह्यात आहे, तिथला परवाना जिल्हाधिकारी देतात, पण १९५९ च्या केंद्रीय शस्त्र कायद्याखाली. हा कायदा विचारतो एवढेच, की परवाना कोणाच्या नावे आहे आणि तो कुठल्या हद्दीपुरता आहे.

अमेरिकेत गोष्ट निराळी. तिथला माणूस देशाचा नागरिक असतो आणि राहत्या राज्याचाही. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तसे लिहूनच ठेवले. शस्त्र बाळगण्याचा हक्क राष्ट्रीय राज्यघटनेत होता, पण तो राज्यांनाही बांधतो का, हा वाद शिकागोच्या ओटिस मॅकडोनाल्ड यांच्या खटल्यात २०१० साली मिटला. बांधतो, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले.

आपल्याकडेही असा हक्क घटनेत येऊ शकला असता. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले, गोऱ्यांना सूट दिली. तो सल इतका खोल होता की १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत मागितला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तीच मागणी हरि विष्णु कामत यांनी मांडली. कामत मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे राळेगावही त्यांच्याच प्रांतातले. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. आग्रह धरायचाच तर देशासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरावा, असा त्यांचा रोख होता. चोरालाही तोच हक्क द्यायचा का, हा त्यांचा सवाल आजही बिनतोड वाटतो.

तरीही शस्त्र कायद्यात 'भारताचा नागरिक' हे शब्द आहेत, आणि नेमके शेतकऱ्याच्या कामाचे. कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, परवाना नाकारण्याविषयीचे कलम १४ आड येत नसेल तर, परवाना द्यायचा आहे. रोही आणि रानडुकरांनी पऱ्हाटी, तूर तुडवली म्हणून रात्री जागलीला बसणाऱ्याने हे कलम माहीत करून घ्यावे. बंदूक मिळाली म्हणजे जनावर मारण्याची मुभा मिळाली असे मात्र नाही. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

अर्ज फेटाळला गेला, तर कारणे लेखी मागा. सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर ती द्यावीच लागतात, आणि कलम १८ खाली अपीलही करता येते.