मागे न फिरणारा प्रकाश

मोरपिसाच्या डोळ्यातला निळा रंग कुठून येतो? त्यात निळे रंगद्रव्य नसतेच. असते ते काळपट-तपकिरी मेलॅनिन. पण त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या नेमक्या अंतरावर रचलेल्या असतात. ही जाळी काही तरंगलांबींचा प्रकाश आत शिरू देत नाही. तो परततो आणि आपल्याला निळा दिसतो. अशा रचनेला प्रकाशीय स्फटिक म्हणतात. प्रकाशाला अडवणारे असे स्फटिक घडवण्याची कल्पना १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे मांडली.

अशा जाळीत एक ओळ मोकळी ठेवली, की प्रकाश त्याच वाटेने जातो. अडचण एवढीच, की वाटेत थोडा जरी दोष असला तरी काही प्रकाश मागे फिरतो आणि संदेश क्षीण होतो. मग परतीची वाटच बंद करता येईल का?

रिक्षाच्या आरशात चालकाचे डोळे आपल्याला दिसले, तर आपलेही त्याला दिसतात. प्रकाशाला जाण्याची आणि येण्याची वाट सारखीच असते. ही एक सममिती आहे. चुंबकाच्या प्रभावाखालील काही पदार्थांत ती मोडते. अशा पदार्थाच्या स्फटिकाच्या कडेने प्रकाश एकाच दिशेने जाईल, असे डंकन हॉल्डेन आणि श्रीनिवास रघू यांनी २००८ मध्ये दाखवून दिले.

याचे कारण संस्थितीशास्त्रात, म्हणजे टोपॉलॉजीत आहे. कडबोळ्याचे ओले पीठ कितीही दाबा, ताणा. ते तुटेपर्यंत किंवा भोक बुजेपर्यंत भोक एकच राहते. स्फटिकातील प्रकाशाच्या वागण्यालाही अशीच एक पूर्ण संख्या चिकटलेली असते. किरकोळ दोषाने ती बदलत नाही. स्फटिकाच्या आत ती एक आणि बाहेर शून्य असेल, तर सीमेवर एकेरी वाट तयार व्हावीच लागते.

२००९ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी चुंबकीय क्षेत्रात फेराइटच्या कांड्या रचून हे पडताळले. त्यांनी वापरल्या त्या मायक्रोवेव्ह लहरी, म्हणजे प्रकाशाचीच लांब तरंगलांबीची भावंडे. वाटेत धातूचा अडथळा ठेवला, तेव्हा लहरी मागे न फिरता त्याला वळसा घालून पुढे गेल्या.

दृश्य प्रकाशावर मात्र चुंबकाचा असा परिणाम फार क्षीण असतो. म्हणून चुंबकाऐवजी जाळीच्या आकारातील सममितीचा उपयोग केला जातो. पण तिथे संरक्षण अपुरे पडते. ती सममिती बिघडवणारा दोष आला, की प्रकाश पुन्हा मागे फिरू शकतो. प्रकाशावर चालणाऱ्या चिपसाठी खरी कसोटी आहे ती हीच.