ई-मेलमधून येणारे विषाणू आणि आपली कचेरी

संस्थेच्या स्मरणिकेत विश्वस्तांची मनोगते असावीत, देणगीदारांची नामावली असावी, जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी असाव्यात. तेथे संगणकाच्या रोगराईवर लेख कशाला, असे काही वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आबिड्सच्या भर बाजारपेठेत व तिच्या आजूबाजूस ज्या धर्मादाय संस्थांच्या लहानमोठ्या कचेऱ्या आहेत, त्यांपैकी कोणत्याही कचेरीत आज डोकावून पाहावे. कपाटातील वह्या, पावतीपुस्तके आणि इतिवृत्ते जागच्या जागी आहेत. पण त्यांना हात लागतो तो वर्षातून दोन-चार वेळा. रोजचा सारा कारभार टेबलावरच्या एका संगणकात जाऊन बसला आहे. देणगीदारांचे पत्ते आणि पॅन क्रमांक त्यात आहेत, कारण ८०-जी कलमाखालील सवलत असलेल्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणग्यांचे नावनिशीवार विवरण प्राप्तिकर खात्याकडे भरावे लागते. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांचे बँक खाते क्रमांक त्यात आहेत. आजारपणात मदत मागणाऱ्यांचे अर्ज व त्यांसोबतची इस्पितळाची कागदपत्रे त्यात आहेत. कित्येक ठिकाणी वधूवरांच्या याद्याही आहेत. ज्या कुटुंबाने मोठ्या संकोचाने मदतीचा अर्ज केला, त्याची हकीकत चारचौघांत जाऊ नये म्हणून आपले जुने चिटणीस तो कागद कुलपात ठेवीत असत. आज त्या कुलपाची किल्ली म्हणजे ई-मेल उघडणारा हात होय.

हे भय काल्पनिक नाही आणि दूरदेशीचेही नाही. आपल्याच हैदराबादेतील महेश सहकारी बँकेचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. जानेवारी २०२२ मध्ये, शनिवार-रविवारच्या सुट्टीत, या बँकेतून सुमारे साडेबारा कोटी रुपये परस्पर काढले गेले. कोणी भिंत फोडली नाही, तिजोरीला हात लावला नाही. रक्कम प्रथम मोजक्या खात्यांत वळविली गेली आणि तेथून देशभरच्या शेकडो खात्यांत पांगविली गेली. शहराचे तत्कालीन पोलीस आयुक्त सी. व्ही. आनंद यांनी मार्च २०२२ च्या अखेरीस तपासाची जी हकीकत पत्रकारांपुढे मांडली, ती प्रत्येक कचेरीत मोठ्याने वाचून दाखविण्यासारखी आहे. चोरीच्या दोन महिने आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, बँकेच्या नोकरवर्गाला दोनशेच्या आसपास फसवी पत्रे ई-मेलने पाठविण्यात आली होती. त्यांपैकी अवघी दोन माणसे फसली. तेवढे पुरेसे झाले. त्या पत्रांतून संगणकात शिरलेल्या कार्यक्रमाने चोरांस दुरून संगणक चालविण्याची सोय करून दिली आणि पुढे ते आठवडेच्या आठवडे आत बसून सर्व व्यवहार शांतपणे पाहत राहिले.

पोलिसांनी आणखीही एक गोष्ट स्पष्ट केली. बँकेत सर्वाधिकार असलेली खाती गरजेपेक्षा अधिक होती, त्यांपैकी काहींचे पासवर्ड एकसारखे होते, आणि संरक्षणाची साधने अपुरी होती. पुढे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेस ६५ लाख रुपये दंड केला. ज्यांचा धंदाच पैसा सांभाळण्याचा, त्यांची ही अवस्था. मग एक अर्धवेळ कारकून आणि सायंकाळी तासभर येणारे मानद चिटणीस यांच्यावर चालणाऱ्या संस्थांनी किती सावध असावयास हवे!

आता हा विषाणू म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. तो कोणी सजीव प्राणी नव्हे. माणसाने लिहिलेल्या आज्ञांची ती एक मालिका असते. संगणक ती निमूटपणे पाळतो. काही आज्ञा स्वतःच्या प्रती काढून इतरत्र पाठवितात, काही कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपून घेतात, आणि काही सर्व कागदपत्रे कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागतात. शास्त्रज्ञ यांना निरनिराळी नावे देतात. आपल्या कामापुरते विषाणू हे एकच नाव पुरे. खरी समजून घेण्याची गोष्ट आहे ती रोगाच्या वाहकाची. बेगमपेटला ज्या इमारतीत रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. हिवताप त्यापूर्वीही लोकांस ठाऊक होता, क्विनीनही ठाऊक होते; पण रोग डासातून येतो हे कळल्यावरच साचलेले पाणी काढून टाकण्यात अर्थ आहे हे कळले. ई-मेलच्या बाबतीत वाहक आहे तो पत्रासोबत येणारे जोडपत्र किंवा पत्रात दिलेला दुवा. नुसते पत्र येऊन पडल्याने सहसा काही बिघडत नाही. ते जोडपत्र कोणीतरी उघडावे लागते, त्या दुव्यावर कोणीतरी बोट ठेवावे लागते. म्हणून चोरांची सारी बुद्धी खर्च होते ती एकाच कामी, तुम्हाला उघडण्यास प्रवृत्त करण्याच्या.

ही विद्या ते फार पूर्वी शिकले. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ नावाचा विषाणू निघाला. तो वर्ड या लेखनप्रणालीच्या कागदात दडून येई आणि उघडणाऱ्याच्या पत्तेवहीतील पहिल्या ५० जणांस स्वतःहून पत्रे धाडी. त्यानंतर ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून ‘आय लव्ह यू’ या मथळ्याचे पत्र निघाले. सोबतच्या जोडपत्राचे नाव प्रेमपत्र असे होते. त्या नावापुढे साध्या मजकुराच्या फाइलीचे शेपूट लावलेले असे आणि त्याहीपुढे खरे शेपूट असे, ते चालत्या कार्यक्रमाचे. पण विंडोज प्रणाली हे शेवटचे शेपूट दाखवीत नसे. बिचाऱ्या वाचणाऱ्यास ती निरुपद्रवी चिठ्ठी वाटे. उघडताच छायाचित्रे नष्ट होत आणि पत्तेवहीतील प्रत्येकास तेच पत्र जाई. ब्रिटिश संसदेलाही आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. पुढे त्या पत्राचा कर्ता सापडला तरी त्यास शिक्षा झाली नाही, कारण त्या देशात तोवर असा कायदाच नव्हता. आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला व संगणकात विषाणू सोडणे त्याने दंडनीय ठरविले.

या दोन्ही प्रकरणांत ध्यानात धरण्याजोगे हे की, पत्र अनोळखी माणसाकडून येत नव्हते. ते मित्राकडून, सहकाऱ्याकडून, मेहुण्याकडून येत होते. ‘अनोळखी पत्र उघडू नका’ हा उपदेश आपण सर्वत्र ऐकतो. आमच्या मते तो अपुराच नव्हे तर थोडा घातकही आहे, कारण त्यामुळे ओळखीच्या नावाचे पत्र निर्धास्तपणे उघडण्याची सवय लागते.

पूर्वी आबिड्सच्या मोठ्या टपाल कचेरीतून आलेले पाकीट हाती पडले की घरातील वडीलधारी मंडळी आधी अक्षर पाहत, मग शिक्का कोणत्या गावाचा ते पाहत. सोलापूरच्या काकांच्या पत्रावर नांदेडचा शिक्का दिसला तर दोन प्रश्न पडत. ई-मेलला अक्षर नाही. पाठविणाऱ्याच्या जागी दिसणारे नाव हे पाकिटाच्या मागे लिहिलेल्या नावासारखे आहे. कोणीही कोणाचेही लिहावे. तथापि शिक्का थोडासा वाचता येतो. नावावर बोट ठेवले की पूर्ण पत्ता दिसतो. त्यात ‘@’ या चिन्हानंतरचा भाग पाहावा, आणि तोही शेवटाकडून पाहावा. एखाद्या बँकेचे नाव पत्त्यात आरंभी कोठेतरी आले म्हणजे पत्र त्या बँकेचे ठरत नाही. शेवटचे दोन-तीन तुकडे कोणाचे आहेत यावर सर्व अवलंबून आहे. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाखाली आणावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला तो यासाठीच.

परंतु मित्राचे खातेच चोराच्या हाती गेले असेल तर पत्ताही खरा असतो. अशा वेळी एकच उपाय उरतो, आणि तो संगणकाबाहेरचा आहे. दूरध्वनी करून विचारावे. पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर. ‘अध्यक्षांनी लिहिले आहे, मी परगावी आहे, अमुक खात्यावर तातडीने रक्कम पाठवा’ असे पत्र आले तर अध्यक्षांना विचारण्यात कारकुनाने संकोच बाळगू नये, आणि अध्यक्षांनीही त्यात अपमान मानू नये. आपल्या समाजात वडीलधाऱ्यांना उलट विचारणे बरे दिसत नाही, ही गोष्ट चोरांच्या पथ्यावर पडते. विश्वस्त मंडळाने सभेत ठराव करूनच हा संकोच काढून टाकावा, असे आम्ही सुचवू.

संस्थेच्या कचेरीस कोणत्या रूपात हे पाहुणे येतात? प्राप्तिकर परताव्याची सूचना, बँकेचे केवायसी संपल्याचा इशारा, न आलेल्या पार्सलची पावती, न दिलेल्या बिलाची आठवण, आणि अलीकडे नोकरीच्या अर्जासोबतची माहितीपत्रेही. सर्वांत एक गोष्ट समान असते ती घाई. ‘आजच’, ‘चोवीस तासांत’, ‘अन्यथा खाते बंद’ ही भाषा दिसली की हात मागे घ्यावा. जोडपत्र दाबून बांधलेल्या झिप फाइलीत असेल आणि तिचा पासवर्ड पत्रातच दिला असेल, तर संशय दुणावावा. तपासणाऱ्या यंत्रणेला आत पाहता येऊ नये म्हणून ही युक्ती करतात. वर्ड किंवा एक्सेलचा कागद उघडल्यावर वरती पिवळी पट्टी येऊन संपादनाची वा मॅक्रोची परवानगी मागितली जाते, ती सवयीने देऊ नये. इंटरनेटवरून आलेल्या कागदांतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडविण्यास आरंभ केला आहे; पण जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या कचेऱ्यांना या सुधारणेचा लाभ नाही.

विषाणुरोधक कार्यक्रमाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, आणि ते लिहिताना मराठी माणसास थोडा अभिमानही वाटावा. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातील कैलास काटकर पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करीत असत. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी बिघडलेले असतात हे पाहून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्याचा कार्यक्रम लिहिला, आणि त्यातूनच १९९०-२००० या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले. असा कोणताही चांगला कार्यक्रम, किंवा विंडोजमध्ये मुळातच असलेला डिफेंडर, संगणकात चालू असावा व दररोज अद्ययावत व्हावा. मात्र तो आहे म्हणून निश्चिंत होणे बरे नव्हे. काल रात्री लिहिलेला नवा विषाणू त्यास ओळखता येईलच असे नाही. प्रणालीची दुरुस्ती वेळच्या वेळी होऊ देणे तितकेच अगत्याचे. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुना संगणक अजून चालतो, मग बदलावा कशाला, ही काटकसर एरवी स्तुत्य आहे, येथे नाही.

कचेरीच्या व्यवस्थेत दोन गोष्टींवर आमचा विशेष भर आहे. धनादेशावर दोन विश्वस्तांच्या सह्या असाव्यात, हा नियम आपल्या पूर्वसूरींनी फार विचाराने घातला. इंटरनेट बँकिंगमध्येही तीच सोय आहे. एकाने रक्कम भरावयाची व दुसऱ्याने मान्य करावयाची. पण अनेक संस्थांत हे दोन्ही पासवर्ड एकाच चिठ्ठीवर लिहून एकाच खणात ठेवलेले असतात. चोर संगणकात शिरला की दोन सह्यांची एकच सही होते! मान्यता देणाऱ्याने ती स्वतःच्या घरी, स्वतःच्या यंत्रावरून द्यावी. ई-मेल खात्यालाही दुहेरी पडताळणी लावावी, म्हणजे नुसता पासवर्ड चोरून भागणार नाही.

दुसरी गोष्ट प्रतींची. सर्व नोंदींची प्रत दर आठवड्यास वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर विषाणू त्याच झडपेत कुलूपबंद करतो. एक प्रत खजिनदारांच्या घरी असू द्यावी, म्हणजे आगीची व पुराचीही काळजी मिटते.

घरच्या मंडळींसाठी एवढेच की, हा रोग आता ई-मेलपुरता राहिलेला नाही. व्हॉट्सॲपवर ‘लग्नाचे आमंत्रण’ म्हणून एपीके फाइल येते. लग्नपत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. ती मोबाइलमध्ये बसवावी लागत नाही. बसवावयास सांगणारी पत्रिका कोणाच्याही घरची असो, ती काढून टाकावी.

इतके करूनही कोणाच्या हातून चुकीचे जोडपत्र उघडले गेले तर काय करावे? प्रथम इंटरनेटची तार काढावी वा वायफाय बंद करावे, म्हणजे रोग शेजारच्या संगणकात जाणार नाही. दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड बदलावेत आणि बँकेस कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविता येते ती पहिल्या काही तासांतच. विषाणू काढण्याची विनामूल्य साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे मिळतात. खंडणी देऊ नये. देऊनही कागद परत मिळतात याची हमी नाही. आणि ज्याच्या हातून चूक झाली त्यास त्या वेळी रागावू नये. रागावलेला कारकून पुढच्या खेपेस सांगणार नाही, आणि महेश बँकेत चोरांना जे दोन महिने मिळाले ते त्यांना आपल्या कचेरीतही मिळतील.