सावकाश फिरणारा पट्टा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोयाबीनच्या हंगामात जानेफळच्या शिवारात मळणी यंत्राचा पट्टा दिवसभर गरगरत असतो. त्याच शिवारात अंधाऱ्या रात्री तारे टिपायचे, तर कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणाऱ्या पट्ट्याचे काम नेमके उलटे असते. ध्रुवाकडे रोखलेल्या आसाभोवती २३ तास ५६ मिनिटांत एकच फेरी पूर्ण करायची, तीही न अडखळता. अशा यंत्रात खरा घोळ होतो तो ‘प्ले’मुळे, म्हणजे दात आणि खाच यांच्यातल्या फटीमुळे. त्याविषयी समज मात्र बरेच चुकीचे आहेत.

गैरसमज : पट्टा घसरतोच, अचूक कामाला तो चालत नाही.

घसरतो तो सपाट किंवा व्ही पट्टा. टायमिंग बेल्टचे दात पुलीच्या खाचांत बसतात, त्यामुळे दोन्ही पुल्यांचा मेळ सुटत नाही. हा पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत शिलाई यंत्रासाठी तयार झाला, तोही सुई आणि बॉबिन यांची चाल जुळावी म्हणूनच.

गैरसमज : दातेरी पट्टा घेतला की प्ले संपला.

फट उरतेच. जुन्या, सरळ कडांच्या दातांत ती जास्त असते. जीटी प्रकारच्या गोलसर दातांत कमी. पण दातांच्या आकारापेक्षा शेवटच्या पुलीचा व्यास जास्त महत्त्वाचा. समजा, फट ०.०५ मिलिमीटर आहे. पुलीची त्रिज्या २५ मिलिमीटर असेल, तर आस सुमारे ७ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोकळा हलतो. तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला (कलेचे साठावे भाग) सरकतात. म्हणजे दिशा बदलल्यावर मोटर जवळपास २७ सेकंद फिरत राहते आणि कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. त्रिज्या १०० मिलिमीटर केली, तर हीच वेळ ७ सेकंदांवर येते.

म्हणून गती कमी करण्याचा मोठा टप्पा शेवटी ठेवावा. शेवटचा टप्पा दहास एक असेल, तर त्याआधीच्या टप्प्यातला प्ले आसापर्यंत एक दशांशच पोहोचतो.

मोठ्या पुलीबरोबर एक अडचणही येते. तिच्या मध्यापासून १२० मिलिमीटर अंतरावर २० दातांची छोटी पुली बसवली, तर तिचे जेमतेम ४ दात पट्ट्यात अडकतात. किमान ६ हवेत. अंतर २०० मिलिमीटर केले की ते भागते. जागा नसेल, तर आयडलर, म्हणजे पट्टा दाबून धरणारी मोकळी पुली, लावावा, पण तो पट्ट्याच्या सैल बाजूला आणि घट्ट आवळून. ताणाच्या बाजूला स्प्रिंग लावली, तर तीच दबते आणि गती तिथेच हरवते.

गैरसमज : पट्टा जितका कसला, तितका अचूक.

जास्त ताणाने मोटरच्या बेअरिंगवर आडवा भार येतो, घर्षण वाढते. इतक्या कमी वेगात घर्षण वाढले की आस अडकतो, मग झटक्याने सुटतो. दात उडी मारणार नाहीत इतका ताण पुरतो.

गैरसमज : मायक्रोस्टेप वाढवले की अचूकता वाढते.

२०० पायऱ्यांच्या स्टेपर मोटरची प्रत्येक पायरी १६ भागांत तोडली, तर एका भागाच्या वाट्याला मोटरच्या धारणबलाचा सुमारे एक दशांशच येतो. घर्षण त्याहून जास्त असेल, तर आस एक-दोन भाग थांबतो, मग एकदम पुढे सरकतो. त्यापेक्षा पुल्यांचे गुणोत्तर वाढवणे भरवशाचे.

गैरसमज : प्ले पूर्ण काढल्याशिवाय काम भागत नाही.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथे पट्टे नाहीत, गिअर आहेत आणि गिअरमध्येही फट असतेच. म्हणून प्रत्येक आसाला दोन मोटरी जोडल्या आहेत. त्या एकमेकींविरुद्ध थोडा जोर लावून धरतात, त्यामुळे दात कायम एका अंगाला टेकलेले राहतात.

घरच्या यंत्रात हेच काम एक वजन करू शकते. आसावर गुंडाळलेल्या दोरीला ते असे टांगायचे, की आसाला फिरण्याच्या विरुद्ध दिशेने ओढ बसेल. कॅमेरा कुठेही वळला, तरी ही ओढ सारखीच राहते, आणि तारे टिपताना गती एकाच दिशेने असल्यामुळे उरलेली फट त्रास देत नाही. त्यानंतर चूक होण्याचे मोठे कारण उरते ते म्हणजे पुलीच्या मध्यापासून सरकलेले भोक. ते लेथवर नीट करून घ्यावे.

प्ले मोजायला महागडे उपकरण लागत नाही. आसावर लेझर टॉर्च घट्ट बांधून ५ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडावा आणि मोटर उलटी फिरवावी. ठिपका हलेपर्यंत गेलेल्या पायऱ्या मोजल्या की फटीचा हिशेब लागतो. भिंतीवरचे दीड मिलिमीटर म्हणजे जवळपास १ कला.