ढोलावरची रेघ, तारेतला आकडा

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन आटोपून गावे झोपली होती. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी गावाच्या पोटातला खडक तुटला आणि त्याची लाट पस्तीसेक सेकंदांत हैदराबादला, पाऊण मिनिटात पुण्याला जाऊन थडकली. जमिनीने आपली बातमी मिनिटभरात पोहोचवली होती. ती वाचून नेमके गाव सांगणे हे माणसांचे काम, आणि त्याला वेळ लागतो.

या भूकंपाला जग 'लातूरचा भूकंप' म्हणते. पण तेरणा नदीच्या काठाने लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की सास्तूरसारखी गावे धाराशिव जिल्ह्यातली, तेव्हाच्या उस्मानाबादची. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५२ गावे जमीनदोस्त झाली आणि सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे गेली. तोवर हा मुलूख भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत तो विभागच रद्द झाला आणि हा पट्टा तिसऱ्या विभागात गेला. नकाशाइतकेच बदलले ते नोंद घेणारे यंत्र.

जुना भूकंपमापक मोठा साधा गडी. स्प्रिंगला टांगलेले एक वजन. जमीन हलते, वजन आपल्या जडपणामुळे मागे राहते, आणि दोघांमधला फरक म्हणजे भूकंप. वजनाला गुंडाळी आणि शेजारी चुंबक असेल, तर त्या हालचालीतून बारीकशी वीज निघते. पुढचा प्रश्न एवढाच की ही वीज लिहून कोण घेणार?

जुन्या काळी ते काम ढोल करी. रॉकेलच्या दिव्याच्या काजळीवर कागद काळा करायचा, तो संथ फिरणाऱ्या ढोलावर चढवायचा आणि सुईला त्यावर पांढरी रेघ ओढू द्यायची. दुसऱ्या दिवशी कागद उतरवला की काजळी पुसू नये म्हणून त्यावर लाखेचा हात फिरवायचा. पुढे साठच्या दशकात अमेरिकेने जगभर एकसारख्या भूकंपमापकांचे जाळे उभारले. त्यात सुमारे १२० केंद्रे होती आणि भारतातल्या दिल्ली, शिलाँग, कोडाईकनालबरोबर पुणेही होते. तिथे सुईच्या जागी प्रकाशाचा ठिपका आला आणि काजळीच्या जागी फोटोचा कागद. अंधाऱ्या खोलीत कागद धुतला की कालचा दिवस हातात येई.

एकटे केंद्र खात्रीने फार तर अंतर सांगते. आधी वेगवान प्राथमिक लाट येते, मागून संथ दुय्यम लाट. दोघींमधले सेकंद मोजायचे, त्यांना ढोबळमानाने आठने गुणायचे, की किलोमीटर मिळतात. किल्लारी ते हैदराबाद एवढ्या अंतराला हा फरक सत्तावीसेक सेकंदांचा. पण सव्वादोनशे किलोमीटर कुठल्या दिशेला? त्यासाठी आणखी निदान दोन केंद्रे हवीत. म्हणून हे यंत्र संगणक येण्याच्या आधीपासूनच जाळ्यातले आहे. फरक एवढाच, की तेव्हा जाळ्याची दोरी म्हणजे टपाल, तारखाते आणि मायक्रोफिल्म. निरीक्षक पट्टी लावून लाटेची वेळ वाचायचा आणि तारेने मुख्यालयाला कळवायचा.

मग ढोलाचे यंत्र संगणकाला जोडायचे कसे? गंमत अशी की त्याचा कान तसाच ठेवता येतो, बदलायचा तो लिहिणारा हात. ऐंशीच्या दशकात त्या जागतिक जाळ्यातल्या काही केंद्रांवर नेमके हेच झाले: संवेदक जुने, नोंद मात्र अंकांत. गुंडाळीची तार ढोलाकडून सोडवून डिजिटायझरला द्यायची. तो सेकंदाला, समजा, शंभर वेळा वीज मोजतो. उभी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा तिन्ही दिशा धरल्या तर दिवसाला २ कोटी ५९ लाख २० हजार आकडे होतात. हे आकडे सिरियल पोर्टातून संगणकात, तिथून मोडेमने किंवा छतावरच्या उपग्रह-संपर्काच्या (व्हीसॅट) छत्रीतून पुढे जातात.

हे ऐकायला सोपे वाटते, पण जोडणाऱ्याची कसोटी बारीक गोष्टींत लागते. गुंडाळीला योग्य रोध जोडला नाही तर वजन एका धक्क्यानंतर झुलतच राहते आणि धक्का कुठे संपला ते कळत नाही. दोन तारांची अदलाबदल झाली तर वर उचललेली जमीन खाली गेल्याची नोंद होते, आणि भ्रंशाची कुठली बाजू कुठे सरकली याचा हिशेब उलटा पडतो. म्हणून आधी ठरावीक वीज सोडून यंत्राचे कॅलिब्रेशन करायचे, मगच त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.

सगळ्यांत अवघड असते ती वेळ. कवचातली प्राथमिक लाट सेकंदाला सहा किलोमीटर धावते, म्हणजे घड्याळ सेकंदाने चुकले की सहा किलोमीटरचा घोळ. आपण किल्लारी सोडून भलत्याच शिवारात. जुने निरीक्षक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा रेडिओवरचा वेळसंकेत ऐकून घड्याळ पडताळत. आता जीपीएसचा रिसीव्हर प्रत्येक आकड्यावर उपग्रहाच्या वेळेचा शिक्का मारतो. तारेपेक्षाही हे एकमत महत्त्वाचे. केंद्रांची घड्याळे जुळत नसतील तर आकडे मुख्यालयात कितीही लवकर पोहोचोत, त्यांचा मेळ बसत नाही.

कागदाला आणखी एक मर्यादा होती. सुई बारीक धक्क्यासाठी लावली तर मोठ्या धक्क्याला ती कागदाबाहेर जाते, मोठ्यासाठी लावली तर बारीक दिसतच नाही. चोवीस बिटांच्या डिजिटायझरकडे एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त पायऱ्या असतात. त्यामुळे एकाच नोंदीत दूरच्या ट्रकची थरथर आणि जवळचा भूकंप दोन्ही मावतात.

किल्लारीनंतर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह (एनजीआरआय) अनेक संस्थांनी या पट्ट्यात तात्पुरती केंद्रे उभारली. हवामान खात्याच्या वेधशाळांना जागतिक बँकेच्या मदतीने अंकीय यंत्रे मिळाली. तिथे कानही बदलला, कारण ब्रॉडबँड संवेदक संथ लाटेपासून झटपट थरथरीपर्यंत सगळे ऐकतो. २०१४ मध्ये हे काम पाहण्यासाठी राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र वेगळे झाले.

आज लातूर-धाराशिव भागात जमिनीतून गूढ आवाज आला की लोक घराबाहेर येतात. ज्यांनी १९९३ पाहिले, त्यांना कोण हसणार? तो आवाज भूकंपाचा होता की नाही, हे आता कागद धुण्याची वाट न पाहता पडद्यावर तपासता येते.

जाळ्याकडून यापेक्षा जास्त मागू नये. भूकंप कधी होणार हे त्याला सांगता येत नाही. शिवाय ज्या गावाखाली खडक तुटतो तिथे लाट दोन-तीन सेकंदांत येते, कुठलाही आकडा तिच्यापुढे धावू शकत नाही. सास्तूरच्या भिंती तारेने वाचल्या नसत्या. तारेची गरज होती ती त्यानंतरच्या तासाला: अंधारात निघालेले ट्रक कुठल्या रस्त्याला लावायचे, हे सांगायला.