न मरणारा डॉन
अमेरिकी दैनंदिन मालिकांतील टोळी, कुटुंब आणि निष्ठा

गुन्हेगारीपटातला डॉन शेवटी मरणार, हे प्रेक्षकानं तिकीट काढतानाच गृहीत धरलेलं असतं. १९३१ सालच्या 'लिटल सीझर' आणि 'द पब्लिक एनिमी'पासून १९३२च्या 'स्कारफेस'पर्यंत हॉलिवूडनं हा शिरस्ता घालून दिला. आपल्याकडे १९९८च्या 'सत्या'तला भिकू म्हात्रेही याच वाटेनं गेला. रॉबर्ट वॉर्शो या अमेरिकी समीक्षकानं १९४८ साली एका निबंधात या मरणाची मीमांसा केली होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गँगस्टर गर्दीतून एकटा वर येतो, आणि यश मिळवणं म्हणजेच एकटं पडणं असल्यामुळे त्याचं पतन त्याच्या यशातच दडलेलं असतं. म्हणून तो शोकांतिकेचा नायक.

ही मीमांसा दोन तासांच्या चित्रपटाला चपखल बसते. पण ज्या कथेला शेवटच नाही, तिथे डॉनचं काय होतं? आठवड्याचे पाच दिवस, वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेला पतन परवडत नाही. सोमवारी डॉन पडला, तर मंगळवारी दाखवायचं काय? अमेरिकी दैनंदिन मालिकांनी या अडचणीवर जे उत्तर शोधलं, ते मला मोठं उद्बोधक वाटतं. त्यांनी डॉनला मरू दिलं नाही, त्याला संसारी केलं. आणि मरणाच्या जागी जी गोष्ट कथेच्या केंद्रस्थानी आणली, ती म्हणजे निष्ठा.

या लेखासाठी मी एकच मालिका निवडली आहे : 'जनरल हॉस्पिटल'. नव्वदच्या दशकात स्टार प्लसवर 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हा प्रकार अनोळखी नाही. रेडिओच्या काळात साबणाच्या कंपन्या दुपारी गृहिणींसाठी अशा कथा प्रायोजित करत, त्यावरूनच 'सोप ऑपेरा' हे नाव पडलं. 'जनरल हॉस्पिटल' १ एप्रिल १९६३ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि जून २०२२मध्ये तिनं पंधरा हजार भाग पूर्ण केले. न्यूयॉर्क राज्यातलं पोर्ट चार्ल्स हे काल्पनिक बंदर, तिथलं इस्पितळ, डॉक्टर, परिचारिका आणि त्यांची घरं, एवढंच तिचं मूळ विश्व. या इस्पितळात टोळी शिरली कशी?

कर्ज आणि सुटका

दुपारच्या मालिकांना गुन्हेगारीचं वावडं नव्हतं. १९५६ साली सुरू झालेली 'द एज ऑफ नाइट' तर खून, खटले आणि पोलीस तपासावरच चालली. पण तिथे गुन्हेगार हा बहुधा बाहेरचा, सोडवायच्या कोड्याचा भाग असे. 'जनरल हॉस्पिटल'मध्ये १९७८नंतर काही वेगळं घडलं. मालिका बंद पडण्याच्या बेतात होती. निर्माती ग्लोरिया मॉन्टी हिनं सूत्रं हाती घेतली, कथेचा वेग वाढवला आणि ल्यूक स्पेन्सर हे पात्र पुढे आणलं. ल्यूक हा फ्रँक स्मिथ नावाच्या टोळीप्रमुखाचा माणूस. गरिबीतून वर आलेला, बॉसच्या उपकारांखाली दबलेला. त्याची निष्ठा म्हणजे खरं तर न फिटणारं कर्ज.

१९७९ साली या ल्यूकला एका उमेदवाराच्या हत्येचा हुकूम मिळतो. आपण यातून जिवंत सुटत नाही, अशा समजुतीत असलेला ल्यूक लॉरा या तरुण विवाहितेवर बलात्कार करतो. पुढे मालिकेनं याच दोघांची प्रेमकथा रचली. १९८०च्या उन्हाळ्यात दोघं टोळीची गुपितं घेऊन पळतात, मारेकरी मागावर असतात, आणि अमेरिकेतली तरुण पिढी दुपारी टीव्हीसमोर बसते. नोव्हेंबर १९८१मधला त्यांचा विवाह सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिला.

टोळीनं इथे कथेसाठी काय काम केलं, ते पाहण्यासारखं आहे. मृत्यूची भीती आणि बॉसचा जाच यांच्या आडोशाला ल्यूकचा अपराध ठेवला गेला. तो दोषी खरा, पण 'परिस्थितीनं पिचलेला'. बॉसवरची निष्ठा तोडून ती स्त्रीच्या पायाशी वाहिली, की माणूस शुद्ध झाला, असा हा हिशेब होता. तो मालिकेलाही पुरता पटला नसावा. १९९८ साली, त्यांचा मुलगा मोठा झाल्यावर, त्याला हे सत्य कळतं आणि जुना अपराध त्याच्या खऱ्या नावानं पुन्हा समोर येतो. चित्रपटाला अशी सोय नसते. मालिका मात्र वीस वर्षांनी आपलीच वही उघडून जुनी नोंद दुरुस्त करू शकते.

मिठाला जागणारा शहरात येतो

ल्यूक टोळीतून बाहेर पडला म्हणून नायक झाला. १९९३ साली आलेला सनी कॉरिन्थॉस टोळीत राहूनच नायक झाला. मॉरिस बेनार्ड हा नट तेव्हापासून ही भूमिका करतो आहे.

या सालाकडे जरा थांबून पाहायला हवं. अमेरिकी माफियाच्या मौनाच्या शपथेला पहिला जाहीर तडा गेला १९६३मध्ये, म्हणजे ही मालिका सुरू झाली त्याच वर्षी. जोसेफ व्हलाची या टोळीतल्या माणसानं सिनेटच्या समितीपुढे, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, आतली रचना सांगून टाकली. १९७०च्या कायद्यांनी संघटित गुन्हेगारीविरुद्ध सरकारी पक्षाचे हात बळकट केले आणि साक्षीदारांना संरक्षण देण्याची सोय केली. एप्रिल १९९२मध्ये जॉन गॉटी या न्यूयॉर्कच्या नामांकित टोळीप्रमुखाला शिक्षा होण्याइतका दोषी ठरवलं गेलं, ते प्रामुख्यानं त्याचाच उजवा हात साल्वातोरे ग्रॅव्हानो माफीचा साक्षीदार झाल्यामुळे. एकोणीस खुनांतला सहभाग कबूल केलेल्या माणसानं शिक्षा कमी करून घेण्यासाठी बॉसला विकलं. खऱ्या जगातल्या टोळीचं इमान असं कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहिलं, त्यानंतर पुढच्याच वर्षी पोर्ट चार्ल्समध्ये असा डॉन अवतरला, ज्याची माणसं त्याला कधी विकणार नव्हती.

सुरुवातीला सनीही खलनायकच होता. कॅरन या शिकणाऱ्या मुलीला गोळ्यांच्या नादी लावून तो आपल्या क्लबात नाचायला लावतो. थोड्या काळापुरतं आणलेलं हे पात्र लोकांना आवडलं आणि मालिकेनं त्याला नाती द्यायला सुरुवात केली. रस्त्यावर वाढलेल्या स्टोनला त्यानं आसरा दिलेला असतो. १९९५मध्ये स्टोन एड्सनं मरतो, आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या कोवळ्या रॉबिनला एचआयव्हीची लागण झालेली असते. त्या काळात एड्सविषयी इतक्या आस्थेनं बोलणारी कथा दुपारच्या टीव्हीवर दुर्मीळच होती. मरणाऱ्या पोराच्या उशाशी बसलेला डॉन पाहिल्यावर क्लबातल्या कॅरनची आठवण प्रेक्षकाच्या मनात किती उरली असेल?

त्याच सुमारास सनीच्या प्रेयसीचं, ब्रेंडाचं प्रकरण घडतं. त्याच्याविरुद्ध पुरावा मिळवण्यासाठी पोलीस तिच्या अंगावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र लावतात, आणि ते सनीला कळतं. कायद्याच्या नजरेनं ती नागरिकाचं कर्तव्य करते आहे. मालिकेच्या नजरेनं तिनं घर फोडलं. दृश्याची सगळी मांडणी सनीच्या दुखावलेल्या चेहऱ्याभोवती आहे. गॉटीच्या खटल्यात ज्या कृतीनं न्याय झाला, तीच कृती इथे प्रेमातला विश्वासघात ठरते. शब्द तोच, 'निष्ठा'. पण तिची कचेरी बदलली. ती टोळीच्या बैठकीतून उठून शयनगृहात आली.

जेसन : भूतकाळ नसलेला सेवक

या साऱ्याचा कळस म्हणजे जेसन. क्वार्टरमेन या श्रीमंत, वैद्यकी घराण्यातला हा सालस वैद्यकीय विद्यार्थी. १९९५च्या अखेरीस दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या सावत्र भावामुळे अपघात होतो, मेंदूला इजा होते आणि जेसन सगळा भूतकाळ विसरतो. घरचे जुना जेसन परत मागत राहतात. तो मात्र आजीचं माहेरचं 'मॉर्गन' हे आडनाव घेतो आणि सनीचा माणूस होतो. कारण सनी त्याला 'तू पूर्वी कोण होतास' असं विचारत नाही.

मला हे पात्र मालिकेतली सर्वांत कुशल रचना वाटतं. मारेकऱ्याला सहानुभूती मिळवून द्यायची, तर त्याची निवड आणि लोभ दोन्ही काढून घ्यायला हवेत. स्मृती नसलेल्या माणसाला महत्त्वाकांक्षा नसते, सत्तेची हाव नसते. उरतं ते केवळ इमान. ग्रॅव्हानोनं गॉटीला जे केलं ते जेसन करूच शकत नाही, कारण सौदा करायला लागणारा हिशेबी 'मी' त्याच्याकडे शिल्लक नाही. शिवाय समोर क्वार्टरमेन कुटुंब सतत वारसा आणि कंपनीचे समभाग यांवरून भांडत असतं. त्यामुळे रक्ताची नाती स्वार्थी आणि टोळीतलं नातं निर्मळ, असा उलटा न्याय प्रस्थापित होतो.

अदृश्य धंदा, दृश्य इस्पितळ

मग ही टोळी नेमकं करते काय? सनीचा उघड व्यवसाय कॉफीच्या आयातीचा. आपल्या हद्दीत अमली पदार्थ येऊ द्यायचे नाहीत, हा त्याचा नियम वारंवार ऐकू येतो. पण पैसा येतो कुठून, हे जवळजवळ कधीच दिसत नाही. हप्ता देणारा दुकानदार नाही, वसुलीच्या धाकानं परागंदा झालेला कुणी नाही, गोदीवरच्या कामगारांची पिळवणूक नाही. दिसतात ते 'शत्रू' : दुसऱ्या टोळ्या, ज्या नेहमी अधिक क्रूर असतात.

याचं अर्धं कारण निर्मितीच्या सोयीत आहे. दररोजची मालिका मोजक्या नेपथ्यात चित्रित होते. दिवाणखाना, धक्का, गोदाम आणि इस्पितळाची मार्गिका. धंदा दाखवायला शहर लागतं, निष्ठा दाखवायला दोन खुर्च्या पुरतात. उरलेलं अर्धं कारण इस्पितळात आहे. पोर्ट चार्ल्समधली प्रत्येक गोळी शेवटी तिथेच पोचते. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर आजी-माजी बायका, सावत्र भाऊ, पोलीस आणि टोळीवाले एकाच बाकावर बसतात. तिथे गुपितं फुटतात, कबुल्या होतात, क्षमा मागितली जाते. कोर्टाचं काम इस्पितळ करतं. फरक एवढाच, की कोर्ट 'गोळी कुणी झाडली' असं विचारतं आणि इस्पितळ 'तो वाचेल ना' असं विचारतं.

किंमत कोण मोजतं

डॉन मरत नाही म्हटल्यावर त्याच्या वाट्याचं मरण कुणाला तरी द्यावंच लागतं. १९९६मध्ये सनीची गरोदर बायको लिली गाडीतल्या बॉम्बस्फोटात मरते. बॉम्ब सनीसाठी होता आणि तो लावणारा तिचाच बाप होता. २००८मध्ये सनीवर झाडलेली गोळी त्यानं दत्तक घेतलेल्या मायकलच्या डोक्यात शिरते आणि पोरगं दीर्घ बेशुद्धीत जातं. शुद्धीवर आल्यावर, २००९मध्ये, हाच मुलगा आईला वाचवताना सनीच्या बायकोचा जीव घेतो आणि पुढे तुरुंगात जातो. २०१०च्या जानेवारीत सनी आपल्या टोळीत शिरलेल्या छुप्या पोलिसाला गोळी घालतो, आणि त्याच क्षणी त्याला कळतं की डान्टे नावाचा हा पोलीस आपलाच मुलगा आहे.

मालिकेचं प्रामाणिकपण मला इथे जाणवतं. तिनं डॉनला माफ केलं, पण त्याच्या मुलांना सोडवलं नाही. वॉर्शोच्या गँगस्टरचं पतन एकदाच होतं. सनीचं पतन हप्त्याहप्त्यानं, दुसऱ्यांच्या अंगावर होत राहतं. १९९९मध्ये 'द सोप्रानोज'नं टोळी आणि कुटुंब यांची सांगड घातल्याचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण आपल्या माणसांच्या चिंतेत गुरफटलेला डॉन दुपारच्या गृहिणींनी त्याआधीच पाहायला सुरुवात केली होती.

उरतो तो प्रेक्षक. सनीला द्विध्रुवी मनोविकार आहे, बेनार्डलाही तो आहे, आणि त्यानं त्याविषयी उघडपणे बोलून अनेकांना धीर दिला. सनीच्या बापाला, माइकला, स्मृतिभ्रंश होतो; मुलगा त्याची सेवा करतो आणि २०२०मध्ये बाप जातो. हे प्रसंग खोटे नाहीत. ज्याच्या घरी असा बाप आहे, त्याला तिथे डॉन दिसत नाही, मुलगा दिसतो. तीस वर्षं रोज घरात येणाऱ्या माणसाला आपण आरोपी म्हणून पाहू शकत नाही. तो नातलग होतो, आणि नातलगाचा अपराध आपण हळू आवाजात बोलतो. मालिका निष्ठेची गोष्ट सांगता सांगता प्रेक्षकाकडून निष्ठाच वसूल करत असते. सासू-सुनांच्या मालिकांवर वाढलेल्या आपल्याला ही वसुली नवी नाही. वर्षभर छळ करणारी सासूही देवघरात डोळे पुसताना दिसली की आपली लगेच 'आई' होते.

म्हणून अशा मालिका पाहताना मी एका पात्राकडे मुद्दाम लक्ष देतो. डॉनच्या दाराशी काळा सूट घालून एक पहारेकरी उभा असतो. हल्ला झाला की पहिली गोळी बहुधा त्याला लागते. त्याला नाव असेलच असं नाही. खाल्ल्या मिठाला सर्वांत आधी जागतो तो हाच, पण त्याला इस्पितळात नेल्याचं, त्याची बायको बाकावर बसून वाट पाहत असल्याचं क्वचितच दाखवतात. दृश्य संपतं, कॅमेरा डॉनच्या चेहऱ्यावर जातो, आणि दुसऱ्या दिवशी दाराशी तसाच काळा सूट घातलेला दुसरा कुणी उभा असतो.