गाडीत बसण्याचे मोल

मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीतले काय कळते, असे कोणी विचारले तर मी मुकाट्याने हार मान्य करीन. यंत्रांच्या बाबतीत माझी मजल शिवणयंत्राला तेल घालण्यापलीकडे कधी गेलेली नाही. तरीही गेल्या उन्हाळ्यात एका मोटारीविषयी निवाडा देण्याची पाळी माझ्यावर आली. आणि तीही साध्यासुध्या नव्हे, आपल्या हिशेबाने कोटभर रुपयांच्या!

त्याचे असे झाले. मुंबई आणि जर्मनीतील श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरे. मी मात्र माझ्या सख्ख्या भगिनीला घेऊनच तेथे गेलो होतो. ताईचा मुलगा तेथे इंजिनिअर आहे. घराच्या पहिल्या हप्त्यासाठी म्हणून त्याने काही वर्षे पैसे साठविले होते, आणि आता त्याचे मन पोर्शे कंपनीच्या ‘टायकान’ या विजेवर धावणाऱ्या गाडीत गुंतले होते. ताईच्या जिवाला घोर लागला होता. भाचा मला म्हणाला, “मामा, वेग काय, टेस्लासुद्धा देते. हे लोक जास्तीचे पैसे घेतात ते आतल्या थाटाचे. ते द्यावेत की नाही, हे तू सांग. तुला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून तर तुला विचारतोय!”

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. १९६३ साली पोर्शेने ‘९११’ ही गाडी प्रथम लोकांपुढे आणली, तेव्हा गिऱ्हाईक पैसे मोजीत असे ते मुख्यतः मागे बसविलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी. विजेने हा हिशेबच बदलून टाकला. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून जोर लावते, त्यामुळे वेग स्वस्त झाला. टेस्लाची ‘मॉडेल ३ परफॉर्मन्स’ ही गाडी थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.१ सेकंदांत गाठते. २०२४ सालच्या साध्या टायकानला त्यासाठी ४.८ सेकंद लागतात. तिची किंमत मात्र त्या वर्षी जर्मनीत १,०१,५०० युरोंपासून सुरू होत होती, आणि टेस्ला तिच्याहून कितीतरी स्वस्त! आपल्याकडे २०२१ च्या नोव्हेंबरात टायकान आली तीच मुळी दीड कोटीपासून पुढे. मग हे वरचे पैसे कशाचे?

ही गाडी जेथे तयार होते त्या त्सुफेनहाउसनला आम्ही लोकलगाडीने गेलो. कोटीची गाडी पाहायला लोकलने जाणारे आम्हीच पहिले नसू; कारण तेथल्या स्टेशनच्या नावातच ‘पोर्शेप्लाट्झ’ आहे. भाच्याने फेरीची वेळ ठरवून ठेवली होती. तो चालवायला बसला, मी शेजारी, ताई मागे.

पहिली जाणीव झाली ती शांततेची. इंजिनाची घरघर असली म्हणजे गाडीतले शंभर बारीकसारीक आवाज तिच्यात बुडून जातात. येथे घरघरच नाही. एखादा सांधा सैल असला, तर त्याची कुरकुर थेट कानावर यायची. विजेच्या गाडीत आतली जुळणी नीट असणे ही चैन नव्हे, गरज आहे, हे मला तेथे उमगले. पुढे मोकळा रस्ता मिळताच भाच्याने पाय दाबला, आणि माझी पाठ बैठकीला अशी चिकटली की बैठकीच्या कडा इतक्या उंच का केल्या आहेत, याचा वेगळा खुलासा कोणी करावा लागला नाही.

मागच्या बाजूला आणखी एक गंमत. या गाड्यांत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे तळ उंच होतो आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे छातीकडे येऊ लागतात. टायकानमध्ये मागच्या माणसाच्या पावलांसाठी बॅटरीतच खोलगट जागा सोडली आहे. ताई नुसती म्हणाली, “पाय मात्र बरे राहतात हो.” गुडघेदुखीच्या माणसाचे हे प्रशस्तिपत्र मला जाहिरातीपेक्षा मोठे वाटले.

मग भाचा तिला सांगू लागला, की २०१९ साली गाडी आली तेव्हाच कंपनीने कातड्याचा तुकडाही नसलेला साज देऊ केला होता. त्यातले तळावरचे कापड मासेमारीच्या जुन्या जाळ्यांसारख्या टाकाऊ मालापासून काढलेल्या धाग्याचे असते. ताई हसून म्हणाली, “अरे, आमच्या रत्नागिरीला फाटकी जाळी कोंबड्या शिरू नयेत म्हणून परसातल्या भाजीवर टाकतात. इथे ती पायाखाली अंथरतात, आणि वर पैसे घेतात!”

माझी नजर समोर होती. चालवणाऱ्यापुढे १६.८ इंचांचा वक्र पडदा, त्यावर जुन्या ९११ च्या गोल तबकड्यांची आठवण देणारी चित्रे. मधोमध दुसरा पडदा. आणि शेजारी बसणाऱ्यासाठी हवा असेल तर तिसरा, त्याचे पैसे वेगळे. वाऱ्याचा झोत वळवायचा तर तोही पडद्यावर बोट फिरवून! झरोक्याची पट्टी बोटाने सरकवायला डोळे लागत नाहीत, पडद्याला लागतात. युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या ‘युरो एनकॅप’ने २०२६ पासून पूर्ण तारे मिळविण्यासाठी हॉर्न, वायपर, वळणाचा दिवा अशा गोष्टींना खरी बटणे मागितली आहेत, ती उगीच नव्हे. शिवाय तबकडी म्हातारी झाली तरी शोभते. पडदा टेलिफोनसारखा चार-सहा वर्षांतच जुनाट दिसू लागतो.

परत आल्यावर भाच्याने किंमतपत्रक उघडले. सगळीकडे कातडे हवे, वेगळे पैसे. शेजारचा पडदा, वेगळे पैसे. साध्या प्रकारात गाडीचा बनविलेला आवाज हवा, त्याचेही वेगळे पैसे! आधी शांततेची किंमत घ्यायची आणि मग आवाजाची, हा व्यापार मला फार आवडला.

मी निवाडा दिला तो असा: जे पाठीला, पावलांना आणि कानांना कळते, त्याचे जास्त पैसे वाजवी आहेत. जुळणी, बैठक आणि पायांची जागा ही स्वस्तात होत नाहीत, आणि रोज कामी येतात. जे फक्त शेजाऱ्याच्या डोळ्यांना कळते, त्यावर एक युरोही घालू नये. सबंध किमतीचे समर्थन मात्र नुसता आतला भाग करू शकत नाही. त्यात नावाचे मोल मोठे आहे.

परतीच्या लोकलमध्ये भाचा गप्प होता. ताई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “बैठक छान आहे रे गाडीची. पण तीत तू दिवसाचा तासभर बसणार. उरलेला वेळ कुठे बसणार आहेस?”

भाच्याने उत्तर दिले नाही. किंमतपत्रक त्याने दुमडून खिशात ठेवले. परवा त्याचे पत्र आले. अजून तो लोकलनेच कामाला जातो, आणि रविवारी घरे पाहत हिंडतो.