आय.टी.तली कपात आणि कायद्यातला ‘कामगार’

जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस.ने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे, कौशल्याचा मेळ बसत नाही, असा कंपनीचा खुलासा. खुलासा काहीही असो, धंद्याचे गणित बदलले आहे.

आय.टी. कंपन्यांचा धंदा माणसे मोजून चालत आला. वर थोडे मॅनेजर, खाली हजारो नवखे इंजिनिअर आणि परदेशी ग्राहकाला त्यांच्या तासांचे बिल! प्रोग्राम लिहायचा, तपासायचा, दुरुस्त करायचा. नेमके हेच काम आता यंत्र झपाट्याने करू लागले. मग इतक्या माणसांचे पैसे कशाला, असे ग्राहक विचारणारच.

या खालच्या पायरीवर आमची मुले आहेत. शिष्यवृत्तीवर शिकलेली, घराण्यातली पहिलीच इंजिनिअर, हिंजवडीजवळ चौघांत एक खोली घेऊन राहणारी. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. भरती प्रचंड होती म्हणून ती आत शिरली. भरती आटली की ओळखीपाळखीचे राज्य येते, हे सांगायला ज्योतिषी नको (तो तरी आमचा कुठे असतो?).

तरीही यंत्राला शिव्या घालणे हे आंबेडकरवाद्यांचे काम नव्हे. गांधीजींच्या यंत्रविरोधाचा समाचार बाबासाहेबांनी १९४५ सालीच घेतला. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची मांडणी होती.

आम्हाला चिंता कायद्याची आहे. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि दरवर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाची भरपाई. शिवाय त्याला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने १५ दिवसांचे वेतन वेगळ्या निधीत भरायचे. पण सरकारची पूर्वपरवानगी लागते ती कारखाने, खाणी आणि मळे यांनाच. आय.टी.चे ऑफिस मोकळे!

त्यातही कपात कागदावर येतच नाही. मुलाला खोलीत बोलावून राजीनामा लिहून घेतल्याच्या तक्रारी आहेत. राजीनामा दिला की ती ‘स्वेच्छा’, मग भरपाई कसली? पदाचे नाव ‘असोसिएट’ असो की ‘कन्सल्टंट’, तांत्रिक काम करणारा कायद्याने कामगारच असतो. कोर्ट पाटी बघत नाही, प्रत्यक्ष काम बघते. तेव्हा आमच्या मुलामुलींनी त्या खोलीत सही करू नये. नेमणूकपत्र, पगारपत्रके जपून ठेवावीत आणि आधी कामगार आयुक्तांचे कार्यालय गाठावे.